दुसरं गाडगं

अण्णा,

काल आमच्या कॉलनीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना हात वर करायला सांगितलं आणि मला आपली दोन गाडगी आठवली. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला जरा थांबावं लागतं. गाडगी मात्र लगेच डोळ्यांसमोर येतात. एक चुलीजवळ राहून काळं पडलेलं, दुसऱ्याच्या काठाचा टवका उडालेला. मी नर्सच्या नोकरीतून रिटायर झाले, गुडघे गेले, मुलं पुण्याला गेली आणि मी धाराशिवातच राहिले. झोप येत नाही म्हणून लिहायला बसले असं काही नाही. दुपारची वेळ आहे, वरच्या टाकीत पाणी चढतंय, आणि मोटार बंद करायची आहे हे ध्यानात ठेवून मी लिहिते आहे.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही पाझर तलावाच्या कामावर जात होता. स्वतःचं रान असलेला माणूस, पण रानात नुसता फुफाटा, मग दुसऱ्याच्या शेजारी बसून खडी फोडण्यावाचून इलाज नव्हता. मी तेव्हा फार लहान होते. मला आठवते ती कामावर खायला मिळायची ती सुकडी आणि तुमच्या खांद्यावरची पहार. त्या खडीच्या ढिगावर तुमच्या शेजारी बौद्धवाड्यातले काका बसायचे. एरवी गावात तुमची त्यांची उठबस झाली नसती, पण उन्हात एका ओळीत बसल्यावर माणसं बोलतात. दूध डेअरीची कल्पना तुमची की त्यांची, यावर तुम्ही दोघं पुढं कितीतरी दिवस एकमेकांना चिडवत होता. शेतीचा भरवसा नाही, पण दारात एक म्हैस असली तर घर तग धरतं, एवढं मात्र तुम्हा दोघांना पटलं होतं. पाऊस पडल्यावर संस्था उभी राहिली. तुम्ही सेक्रेटरी झालात आणि काका दूध मापायला लागले.

पहिल्या मीटिंगची गोष्ट आई मला फार वेळा सांगायची. मीटिंग मारुतीच्या पारावर नको, शाळेच्या ओसरीत घ्या, म्हणजे सगळ्यांना सारखं बसता येईल, हा हट्ट तुमचा. तो तुम्ही पुरा केलात आणि तरीही तोंड पाडून घरी आलात. आई भाकरी थापत होती. तुम्ही चुलीपुढं बसून म्हणालात, "हात वर करायच्या आदी समदी पाटलाकडं बघायलेत. पाटलाचा हात वर गेला की ह्यांचा. ज्याच्या रानात कामाला जायाचं त्याच्यापुढं कोण न्हाय म्हणंल?"

आईनं भाकरी उलटली. "मग गाडग्यात हात घालू द्या की. गाडग्यात काय टाकलं ते कुणाला दिसायलंय?"

तुम्ही उठून फडताळातलं गूळ ठेवायचं गाडगं रिकामं करायला लागलात, गूळ कशात ठेवायचा याचा विचार न करता. पुढच्या मीटिंगला प्रत्येकाच्या हातावर एक हरभरा आणि एक चिंचोका ठेवला. हो म्हणायचं तर हरभरा आत टाकायचा, नाही म्हणायचं तर चिंचोका. पोत्याच्या पडद्यामागं जायचं आणि टाकून यायचं. सगळं नीट ठरवलं होतं आणि तरी घोटाळा झालाच. पडद्यामागून दोघं-तिघं तोंड हलवत बाहेर आले. चिंचोका आत टाकला, हरभरा हातात उरला, आणि हातात उरलेला दाणा टाकून देणं कुणाला सुचलंच नाही. नुकती दुष्काळातून उठलेली माणसं ती, हातातला दाणा तोंडातच जाणार. कोण नाही म्हणालं ते सगळ्या ओसरीला दिसलं. पाटील हसले, आणि हसता हसता त्यांनी ती तोंडं लक्षात ठेवली.

त्या संध्याकाळी तुम्ही आईकडं दुसरं गाडगं मागितलंत. उरलेला दाणा त्यात टाकायचा आणि दोन्ही हात मोकळे दाखवून बाहेर यायचं. एवढंसं काम, पण तुम्हाला त्याचा केवढा अभिमान होता. पाहुणे आले की तुम्ही त्यांना डेअरीच्या कॅनच्या आधी ती गाडगी दाखवायचा. "पैलं गाडगं मतासाठी," तुम्ही म्हणायचा, "आन् दुसरं माणसासाठी." आई आतून म्हणायची, "दोनी माजीच हायती, तेवढं सांगा त्यास्नी." चिंच फोडायच्या दिवसांत मी त्यातले चांगले गोल चिंचोके तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. मला वाटायचं, सगळ्या गावांमध्ये असंच मतदान करतात.

मग पुन्हा पावसानं ओढ दिली. एक वर्ष कसंबसं निघालं, दुसरं निघेना. विहिरी आटल्या, कडब्याच्या पेंढ्या सोन्यासारख्या जपाव्या लागल्या आणि चोऱ्या सुरू झाल्या. आधी कुणाची कडब्याची गंज रातोरात निम्मी झाली, मग कुणाची शेळी गेली. एका म्हातारीच्या कानातलं ओढून नेलं, तिचा फाटलेला कान बघायला सगळ्या बायका जाऊन आल्या आणि घरी येऊन आपापले कान झाकून घ्यायला लागल्या. तुम्ही तेव्हा सगळ्यांना धीर देत होता. मग एका पहाटे तुम्ही गोठ्यातून ओरडत आलात. म्हैस गेली होती. तुम्ही तिच्याजवळच खाटेवर निजला होता. दावं विळ्यानं कापलं होतं आणि उरलेला तुकडा तुमच्या उशाशी लोंबत होता. आईनं म्हशीचं दुःख केलं, दोन दिवस जेवली नाही. तुम्ही म्हशीबद्दल फारसं बोलला नाहीत. तो दाव्याचा तुकडा हातात धरून तुम्ही एवढंच म्हणायचा, "माज्या मानंपाशी इळा हुता."

येरमाळ्याच्या ठाण्यात तुम्ही तीन-चारदा जाऊन आलात. पहिल्यांदा फौजदार नव्हते, मग होते पण कामात होते, मग म्हणाले, असल्या म्हशी शोधत बसलो तर आम्ही झोपायचं कधी. त्या दिवशी तुम्ही परत आलात ते निराळेच. पहार आतापर्यंत गोठ्यात पडलेली असायची, ती तुम्ही घरात आणली आणि दिवेलागणीला दाराला आतून आडवी लावायला लागलात. आधी वाटेनं जाणाऱ्याला तुम्ही बोलावून पाणी पाजायचा. आता आधी नाव, मग गाव, मग पाणी. गायरानावर दरवर्षीसारखी भटक्यांची पालं उतरली होती. त्यातली एक बाई सुया-पोत घेऊन आपल्याकडं यायची आणि ताक पिऊन जायची. त्या वर्षी ती आली, ओसरीवर टेकली आणि तुम्ही आईवर ओरडलात. "घर दावायलीस का तिला? आत कोण निजतं, भाईर कोण निजतं, समदं सांगून टाक." ती बाई ताक तसंच ठेवून उठली. आईला तुम्ही परक्यासमोर बोललात, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच सुमाराला तो माणूस वर आला. पाटलांच्या भावकीतला, काही वर्षं बाहेर राहून आलेला, जीपमधून फिरणारा. पूर्वी तुम्हीच त्याची टर उडवायचा, ह्याला म्हशीचं आचळ कुठं असतं ते ठावं न्हाय आन् ह्यो डेअरीचा चेअरमन व्हायला निघालाय म्हणून. पण भीती वाटणाऱ्या माणसाला जे ऐकायचं असतं ते तो मोठ्यानं बोलायचा. गावाला एकच मालक पाहिजे, म्हणायचा. चार पोरं, चार काठ्या, आणि मधे कुणी प्रश्न विचारायचे नाहीत. संस्थेची मीटिंग बंद, तो ठरवेल ते ठरलं. गस्त त्याची, गावात कोण मुक्काम करणार ते तोच सांगणार, पालं उठवायची, आणि वयात आलेल्या पोरींनी येरमाळ्याच्या शाळेला जायचं नाही, कारण वाटेत काही झालं तर जबाबदारी कोण घेणार. डेअरी आणि पोरींची शाळा यांचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. आपल्या गावची शाळा सातवीपर्यंत होती. मी आठवीला होते. काकांची मुलगी आणि मी रोज बरोबर चालत जायचो आणि तिच्या दप्तरातली भाकरी माझ्या दप्तरातल्या चटणीबरोबर खायचो.

मला खात्री होती की तुम्ही त्याला उलटं सुनावणार. त्याच्या म्हणण्यावर मत घ्यायला संस्थेची मीटिंग ठरली, तिच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही जेवताना म्हणालात, "त्याचं काय चुकीचं न्हाय. मीटिंगा घेत बसलं तर म्हस माघारी येती व्हय?"

"आन् पोरीची शाळा?" आईनं विचारलं.

"जीव ऱ्हायला तर शाळा."

दुसऱ्या दिवशी तुम्ही हरभरे मोजून घेतलेत, चिंचोके घेतलेत, काळं गाडगं काखेला मारलंत आणि दाराकडं निघालात. टवका उडालेलं गाडगं चुलीशेजारीच राहिलं. मला वाटलं विसरलात. मी ते उचलून तुमच्या मागं आले. "अण्णा, दुसरं ऱ्हायलं."

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. "ऱ्हाऊ दे. आज लागत न्हाय."

आई हात पुसत उभी राहिली. "कसं लागत न्हाय?"

"कळू तर दे कोण कुणाकडं हाय ते. उशाशी इळा घेऊन कोण उभं ऱ्हातंय ते कळाया नगं?"

"मग ह्ये तरी कशाला नेताव?" आई म्हणाली. "हातच वर करा म्हणावं."

तुम्ही पायताणं घातलीत. गेलात. गाडगं माझ्या हातात होतं. ते मी परत चुलीशेजारी ठेवलं आणि काकांच्या मुलीबरोबर शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिले, कारण तिथं जे ठरणार होतं ते आमचंच होतं.

पडद्यामागून एकेक माणूस बाहेर येत होता. सगळ्यांच्या मुठी झाकलेल्या. आत हरभरा टाकलेल्यांच्या हातात चिंचोका, तो त्यांनी बाहेर येऊन ओसरीखाली भिरकावला, तसा तो टप्‌कन वाजायचा. चेअरमन होऊ घातलेला माणूस खुर्चीत बसून ते आवाज ऐकत होता. मग काका आत गेले. पहाटेपासून दूध मापून ते तसेच आले होते, पोटात चहाशिवाय काही नसणार. ते बाहेर आले ते तोंड हलवत. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. सवयीनं ते दुसऱ्या गाडग्याच्या जागेकडं वळले असतील, जागा रिकामी दिसली असेल आणि दाणा तोंडात गेला असेल. ओसरी गप्प झाली. त्या शांततेनंच त्यांना कळलं. ते चावायचे थांबले.

"काय काका," खुर्चीतला माणूस म्हणाला, "हरभरा गोड लागला का?"

काकांनी घास गिळला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही, तुमच्याकडं पाहिलं. मग रिकाम्या जागेकडं, मग परत तुमच्याकडं. "व्हय, म्याच टाकला चिंचोका," ते म्हणाले. "चोर येतो आन् जातो, अण्णा. ह्यो हितंच ऱ्हाणार हाय."

तुम्ही खाली बघत म्हणालात, "बसा खाली." इतकंच. काळं गाडगं उपडं केलं तेव्हा हरभरेच जास्त निघाले, तरी त्यात काकांचाच तेवढा चिंचोका नव्हता, आणखीही होते. पण ते टाकणाऱ्यांनी हरभरा मुठीतच ठेवला होता आणि त्यांनी ती मूठ घरी जाईपर्यंत उघडली नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी मला एकदा लिहू द्या, कारण आपण यावर कधी बोललो नाही. दुसऱ्याच दिवशी काठ्या घेऊन पोरं गायरानावर गेली आणि पालं उठवली. त्या सुयावाल्या बाईच्या कडेवर मूल होतं, ते रडत होतं, तिनं आपल्या घराकडं एकदा वळून बघितलं. आपली म्हैस तिथं नव्हती. कुणाचंच काही तिथं सापडलं नाही. मग काकांच्या घरच्या दुधात पाणी निघायला लागलं. डेअरीवर दूध मापायला आता दुसरा माणूस होता आणि काकांचं दूध रोज परत जायचं. तुम्ही सेक्रेटरी होता, तुम्ही रोज तिथं होता. काकांनी म्हैस विकली आणि बार्शीला बिऱ्हाड हलवलं. त्यांची मुलगी तिथं शाळेत जायला लागली. मी गावात शेण्या थापत बसले. पुढं पाऊस झाला, विहिरींना पाणी आलं, लोकांच्या हाताला काम आलं आणि चोऱ्या आपोआप थांबल्या. पण सगळे म्हणाले, बघा, चेअरमननं कसं गाव सरळ केलं. तुम्हीही म्हणालात. काका बोलले होते तसा तो इथंच राहिला, डेअरीचे कॅन भंगारात जाईपर्यंत राहिला. आईनं दुसऱ्या गाडग्यात मीठ भरलं.

दोन वर्षांनी आईनंच मामाला निरोप धाडला आणि मला शिकायला तेरला पाठवायचं ठरवलं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, हो पण म्हणाला नाहीत. एसटीत बसवायला मात्र आलात. गाडी सुटताना तुम्ही खिडकीतून माझ्या हातात फुटाण्याची पुडी दिलीत आणि म्हणालात, "वाटंत खा." आपण दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही. मी ठरवलं होतं की पुडी फेकून द्यायची. भूक लागली आणि तेर यायच्या आत सगळी संपवली.

मी तुमच्यावर पुष्कळ वर्षं रागावले. तुम्ही गेल्यावरही राग गेला नाही, नुसता थकला. दवाखान्यात काम करताना मला हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. घाबरलेला पेशंट डॉक्टरला काही विचारत नाही. वॉर्डात जो सगळ्यांत मोठ्यानं बोलतो त्याचं तो ऐकतो, कागदावर कशासाठी अंगठा घेतायत हेही बघत नाही, आणि शेजारच्या खाटेवरचा कुणी बोलायला लागला तर त्यालाच गप्प करतो. बरा झाला की हाच माणूस इतका चौकस होतो की आपल्याला ओळखूच येत नाही. मला तेव्हा तुम्ही आठवायचा. मनात यायचं की त्या फौजदारानं एकदा तुम्हाला खुर्ची देऊन नीट विचारलं असतं, म्हैस सापडो न सापडो, एक शिपाई गावात पाठवला असता, तर तुम्ही ते गाडगं घरी ठेवलं नसतं. कदाचित ठेवलंही असतं. मला माहीत नाही. पण माझ्या अण्णाला वाईट माणूस म्हणायचा मला कंटाळा आला, हे खरं.

आणि मग कालची मीटिंग. मागच्या आठवड्यात समोरच्या बाईंच्या गळ्यातलं भर दिवसा ओढून नेलं. मानेवर केवढा वळ उठला होता, तो मीच धुतला, त्यांचे हात मीच धरून बसले. आता आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ म्हणतात, गेट बसवू, भाजीवाली बंद, पेपरवाला बाहेरूनच, कामवाल्यांनी दारावर पिशवी उघडून दाखवायची, आणि रोज रोज मीटिंगची कटकट नको, सगळं त्यांच्यावर सोडा. मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकू या का? ते हसले. "मॅडम, यात लपवायचं काय आहे?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. समोरच्या बाईही बघत होत्या, गळ्याला पट्टी तशीच. मी भाजीवालीला चांगली ओळखते, ती तेरची आहे, माझ्या मामाच्या गल्लीतली. मान्य असेल त्यांनी हात वर करा, ते म्हणाले, आणि मी हात वर केला, अण्णा. फार वर नाही, पण मोजता येईल इतका.

टाकी भरून वाहायला लागली आहे, वरून पाण्याचा आवाज येतोय. हे कुठं टाकायचं नाही, घडी करून गव्हाच्या डब्याखाली ठेवीन. एक तेवढं सांगून उठते. त्या मीटिंगच्या रात्रीबद्दल मी सगळ्यांना सांगत आले आहे की शाळा सुटली म्हणून मी रात्रभर रडले. मुलांनाही तसंच सांगितलं, ती अजून ते दुसऱ्यांना सांगतात. खरं म्हणजे दिवेलागणीला तुम्ही दाराला पहार लावलीत, थोड्या वेळानं गस्तवाल्यांच्या काठ्या आपल्या भिंतीवरून वाजत गेल्या, आणि मी आईच्या कुशीत हात-पाय सैल सोडून पडले. मी रडले नाही. कितीतरी महिन्यांनी मला त्या रात्री गाढ झोप लागली.